काडेपेटीएवढी गाडी कशी बाळगावी

कुठलंही छंदाचं पुस्तक उघडा, पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की घरच्यांना विश्वासात घ्यावं. ते वाचावं, मान डोलवावी आणि पान उलटावं. 'साठ वर्षांपूर्वीची, बोटभर लांबीची, दारंसुद्धा न उघडणारी खेळण्यातली मोटार मी साडेतीन हजारांना घेतली' हे वाक्य विश्वासात घेऊन सांगता येईल असं घर महाराष्ट्रात अजून बांधलं गेलेलं नाही. त्यामुळे आपण दुसऱ्या पानापासून सुरुवात करू.

हे मार्गदर्शन मॅचबॉक्स गाड्यांपुरतं आहे. जमवण्यासारखी खेळणी जगात पुष्कळ आहेत, पण बाहुल्यांना कपडे लागतात, आगगाड्यांना रूळ लागतात आणि रुळांना खोली लागते. मॅचबॉक्सला नुसता खिसा पुरतो. तो पुढे रिकामा होतो, ही गोष्ट वेगळी.

पहिली पायरी: तोंड सुधारून घ्या

जाणकारांसमोर 'पत्र्याची गाडी' असा शब्द चुकूनही काढू नका. पत्र्याची खेळणी म्हणजे पत्रा कापून, वाकवून, कडा दुमडून केलेली. मॅचबॉक्स ओतीव असते. जस्तात थोडं अॅल्युमिनियम आणि चिमूटभर तांबं-मॅग्नेशियम घालून मिश्रधातू करतात, तो वितळवून पोलादी साच्यात दाबाने मारतात, आणि क्षणभरात छप्पर, बॉनेट, बंपर, दिवे असं सगळं अंग एकसंध बाहेर पडतं. याला डायकास्ट म्हणतात. हातात घेतल्यावर तिचा आकार आणि तिचं वजन यांचा मेळ बसत नाही. एवढीशी वस्तू इतकी जड कशी, असं वाटतं. हा जडपणा एकदा तळहाताला कळला की माणूस कामातून गेला. मी अकराव्या वर्षीच गेलो होतो, त्याचं सांगतो पुढे.

जस्ताबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यात शिसं मिसळलं गेलं तर धातूला आतून कीड लागल्यासारखं होतं. आधी अंगावर बारीक भेगा येतात, मग गाडी फुगते आणि शेवटी बिस्किटासारखी तुकडे तुकडे होऊन पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या 'डिंकी' नावाच्या खेळण्यातल्या गाड्या अशाच कपाटात बसल्या बसल्या गेल्या. मॅचबॉक्स युद्धानंतरची, त्यामुळे तिला हा आजार सहसा नाही. तिला मुलांचा आजार आहे.

दुसरी पायरी: वंशावळ पाठ करा

ही पायरी गाळू नका. वंशावळ येत नसेल तर विक्रेता तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो आणि सहाव्या मिनिटाला भाव सांगतो.

लंडनमध्ये १९४७ साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी धातूचे भाग ओतून देण्याचा कारखाना काढला. आडनाव एक असलं तरी ते भाऊ नव्हते. शाळेतले मित्र होते आणि युद्धात दोघेही आरमारात होते. कारखान्याचं नाव ठेवताना त्यांनी फार डोकं चालवलं नाही. लेस्लीचा 'लेस' आणि रॉडनीचा 'नी', झालं लेस्नी. जागा म्हणाल तर 'रायफलमन' नावाचा एक पडका गुत्ता. थोड्याच दिवसांत त्यांना जॅक ओडेल येऊन मिळाला. हा साच्यांच्या कामात मुरलेला गडी. पुढचं सगळं रामायण त्याच्या हातून घडलं, म्हणून हे नाव लक्षात ठेवा.

हे लोक खेळण्यांकडे वळले ते मुलांवरच्या प्रेमापोटी नव्हे. त्याचं कारण होतं कर. १ जानेवारीला गोदामात जो साठा असेल त्यावर कर बसायचा, म्हणून वर्षअखेर आली की गिऱ्हाइकं सुट्या भागांची मागणीच थांबवत. यंत्रं थंड पडत. ती रिकामी राहू नयेत म्हणून खेळणी ओतायला घेतली आणि १९४८ मध्ये पहिली गाडी निघाली, ती म्हणजे रस्त्यावर फिरवायचा रोलर. जगातल्या एका मोठ्या छंदाची सुरुवात करचुकवेगिरीच्या हंगामात झाली, हे आपल्या चार्टर्ड अकाउंटंट मित्रांना जरूर सांगावं. खेळण्यात काय ठेवलंय असं वाटून रॉडनी १९५१ मध्ये भागीदारीतून बाहेर पडला. त्याचा 'नी' मात्र शेवटपर्यंत नावात राहिला.

आता घोड्यांचा रथ. राज्याभिषेकाचा हा शाही रथ ओडेलने आधी मोठ्या आकारात केला. आत राजा आणि राणी शेजारी शेजारी बसवले. नेमकं कोरियाच्या युद्धामुळे जस्त खेळण्यांसाठी वापरायला बंदी आली आणि साचा पडून राहिला. बंदी उठेतो १९५२ च्या फेब्रुवारीत राजे सहावे जॉर्ज वारले. आता राज्याभिषेक एकट्या राणीचा, आणि साच्यात तर राजा बसलेला! नवा साचा करायचा म्हणजे खर्च. मग त्यांनी राजाला कमरेपासून वर कापलं. पाय तसेच ठेवले. त्यामुळे राज्याभिषेकाला निघालेल्या एलिझाबेथच्या शेजारी आजही कुणाचे तरी पाय बसलेले दिसतात. आमच्यातल्या एका जुन्या संग्राहकांनी मला हा रथ पहिल्यांदा दाखवला तेव्हा भिंगातून पाय दाखवले आणि म्हणाले, "बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे बघून ठेव." अख्खा राजा असलेले थोडेच रथ बाहेर पडले होते, आणि ते ज्यांच्याकडे आहेत ते लोक दार उघडत नाहीत. मग तोच रथ छोट्या आकारात आला आणि १९५३ च्या राज्याभिषेकाच्या वर्षात दहा लाखांहून जास्त खपला. लहान वस्तू जास्त खपते, हे लेस्नीला तिथे कळलं.

किती लहान, ते ओडेलच्या मुलीने ठरवलं. तिच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. शिक्षकांना वाटलं, प्रश्न मिटला. ही मुलगी काडेपेटीत कोळी भरून नेऊन इतरांना घाबरवू लागली. बापाने त्यावर उपाय म्हणून रोलरचीच एक चिमुकली पितळी आवृत्ती करून दिली. वर्गातल्या सगळ्या मुलांना ती हवीशी झाली. १९५३ मध्ये काडेपेटीसारख्याच दिसणाऱ्या खोक्यात घालून या गाड्या दुकानांत आल्या आणि नाव तेच पडलं: मॅचबॉक्स.

नवशिक्याने इथे एक बारकावा टिपावा. गाडी खोक्यात बसवायची असल्यामुळे प्रमाण वगैरे काही पाळलं गेलं नाही. बस, ट्रॅक्टर, सिमेंट कालवायचं यंत्र आणि मोटार, सगळ्यांचा आकार जवळजवळ सारखा. हा समाजवाद काही गणिती डोक्याच्या संग्राहकांना सहन होत नाही. त्यांनी टपाल तिकिटं जमवावीत.

तिसरी पायरी: आकड्याला भुलू नका

मॅचबॉक्सच्या मुख्य मालिकेत १ ते ७५ असे क्रमांक होते. नवशिका हे ऐकतो आणि मनात हिशेब मांडतो: पंच्याहत्तर गाड्या, महिन्याला दोन घेतल्या तर तीन वर्षांत काम फत्ते. मीही मांडला होता. त्याला तीस वर्षं होतील आता.

मेख अशी आहे की क्रमांक हा गाडीचा नसून जागेचा होता. पंच्याहत्तर जागा भरल्यावर नवी गाडी आणायची तर जुनीला उठवायचं. चाळीतल्या खोलीसारखंच ते. बिऱ्हाड बदलतं, खोलीचा नंबर तोच. ७ नंबरच घ्या. पहिल्यांदा तिथे घोडा जोडलेली दूधगाडी होती, मागे पेट्या आणि पुढे एक दूधवाला. १९६१ मध्ये दूधवाला गेला आणि तिथे फिकट निळी फोर्ड अँग्लिया आली. १९६६ मध्ये अँग्लियाला उठवून फोर्डची कचरागाडी राहायला आली. दूध, मग मोटार, मग कचरा. इंग्लंडचा साठच्या दशकापर्यंतचा सामाजिक इतिहास कुणाला थोडक्यात हवा असेल तर ७ नंबरच्या खोलीत डोकावावं.

वर रंग. साचा तोच, पण मध्येच डब्यातला रंग संपला, किंवा कुणाच्या तरी मनात आलं, की वेगळ्या रंगाच्या काही गाड्या निघत. ६२ नंबरची मर्क्युरी कूगर साधारण चमकत्या पोपटी रंगात मिळते. तीच साय रंगाची सापडली तर तुमच्या मुलाच्या शिक्षणाचा नसला तरी क्लासच्या फीचा प्रश्न सुटतो. आणि चाकं: सुरुवातीला धातूची, मग करड्या प्लॅस्टिकची, कधी रुपेरी, पुढे काळी. एकाच गाडीची चार प्रकारच्या चाकांची चार भावंडं असतात आणि संग्राहकाला चारही हवी असतात. बायको विचारते, "ही तर आपल्याकडे आहे ना?" तिला चाकांचा रंग समजावून सांगण्याचा मोह टाळा. मी एकदा समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात घरात एकाच पातेल्याचे चार आकार आले, आणि मला तोंड उघडायला जागा राहिली नाही.

चौथी पायरी: गाडी उलटी करा

दुकानात गेल्यावर नवशिका गाडीचं तोंड बघतो आणि जाणता गाडीचं पोट बघतो. लग्नाच्या बाबतीत हे उलट असावं. तळपट्टीवर 'मेड इन इंग्लंड बाय लेस्नी' असं कोरलेलं असेल तर जीव भांड्यात पडतो. चाकाच्या आसाची टोकं चिमट्याने चेपल्यासारखी असतील तर गाडी जुनी. गोल मुंडीची असतील तर नंतरची. तळपट्टी अंगाला जिथे ठोकलेली असते तिथे ड्रिलने पोखरल्याची खूण आहे का, हे भिंगातून पाहा. असेल तर गाडी कुणीतरी उघडून, रंग खरवडून, नवा रंग मारून परत बंद केलेली आहे. आमच्या धंद्यात याला 'कोड ३' म्हणतात, म्हणजे कंपनीला न विचारता कुणीतरी घरी बसून केलेला उद्योग. कंपनीने स्वतः रंगवलेली ती कोड १. कंपनीच्या परवानगीने बाहेरच्याने सजवलेली ती कोड २. विक्रेता कोड ३ ला 'रिस्टोर केलेली' म्हणतो. शब्द चांगला आहे, पैसे निम्मे द्या.

मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या ग्रामोफोनच्या आणि झुंबरांच्या मधल्या दुकानांत अशा गाड्या अजून अधूनमधून लागतात. तिथे घासाघीस करण्याचे नियम आहेत. गाडी पाहिल्यावर डोळे विस्फारायचे नाहीत. आधी शेजारची पितळी समई उचलायची, तिचा भाव विचारायचा, नाक मुरडायचं, आणि जाता जाता गाडीकडे बोट दाखवून "आणि हे काय, खेळणं?" असं विचारायचं. मी हे सगळं यथासांग केलं. विक्रेता शांतपणे म्हणाला, "साब, समई तो बहाना है. लेस्नी लिखा है नीचे, देख लो आराम से." त्यानंतर त्याने सांगितलेला भाव मी दिला, आणि लाजेपायी समईसुद्धा घेतली. ती घरात फार आवडली.

पाचवी पायरी: खोक्याला नमस्कार करा

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, गाडी कळली. नाही कळली. गाडी अर्धीच असते. उरलेली अर्धी म्हणजे तिचा पुठ्ठ्याचा खोका, आणि बाजारात ही अर्धी पुष्कळदा त्या अर्धीपेक्षा महाग असते.

का, ते सरळ आहे. गाडी धातूची, ती टिकते. खोका पुठ्ठ्याचा, तो पहिल्या दिवशीच फाटतो. शहाण्या मुलाने तो फाडलाच पाहिजे. म्हणजे ज्याचा खोका शाबूत, गाडी कोरी, रंगाचा एक टवका उडालेला नाही, ते मूल एकतर आजारी होतं, नाहीतर फार शिस्तीच्या घरातलं होतं. 'मिंट इन बॉक्स' या तीन शब्दांना आमच्यात सोन्याचा भाव आहे, आणि त्यांचा खरा अर्थ एवढाच: हिच्याशी कुणी खेळलं नाही. खेळण्याची किंमत ठरते ती त्याच्याशी न खेळण्यावरून. हे तर्कट ज्याला पचेल त्याने पुढे वाचावं.

खोक्यांवर सुरुवातीच्या काळात 'मोको' असं नाव दिसतं. ते मोझेस कोनश्टाम या जर्मन खेळणीविक्रेत्याच्या घराण्याचं. विक्रीची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मोको असलेला खोका जुना. म्हणूनच तो नकली पण भरपूर निघतो. आजचा छपाईचा पांढराशुभ्र कागद नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली निळसर झगमगतो, पन्नासच्या दशकातला कागद सहसा मंद राहतो. हा दिवा घेण्यासाठी पैसे घालवू नका. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असतो. पाचशेची नोट मोडायला द्यायची आणि तिच्याबरोबर हळूच खोका पुढे सरकवायचा. माझ्या वाण्याने सुरुवातीला विचारलं, "काका, हे काय?" आता विचारत नाही. नुसतं बघतो आणि सांगतो, "ड्युप्लिकेट आहे." परदेशातून मागवलेला एक खोका असाच झगमगला होता. विकणाऱ्याला कळवलं तर त्याचं उत्तर आलं की गाडी खरी आहे ना, मग खोक्याचं काय एवढं. बरोबरच आहे. पण मी पैसे खोक्याचे दिले होते.

आता माझ्या पहिल्या गाडीचं. १९७३ च्या मे महिन्यात बाबांचे लंडनचे चुलतभाऊ आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडी आले आणि त्यांनी माझ्या हातात १७ नंबरचा खोका ठेवला. आत लाल दुमजली बस. लेस्नीने तिचं नाव 'लंडनर' ठेवलं होतं आणि ती आदल्याच वर्षी बाजारात आली होती. दोन्ही बाजूंना वरच्या मजल्याखाली बर्जर पेंट्सच्या जाहिरातीचं कागदी लेबल चिकटवलेलं. आईने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "एवढं विमानाने आणलं काय? ही तर आपली बेस्टची बस." त्यावर काकांचा चेहरा जो पडला तो मला अजून दिसतो.

ती बस मी गॅलरीच्या कठड्यावरून चालवली. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून चालवली. सांधा हा रस्ता आणि फरशी हे शेत. ती दोनदा तळमजल्यावर पडली आणि दोन्ही वेळा जोश्यांच्या पिंपात सापडली. पाण्याने लेबलाचा एक कोपरा सुटला, तो मी भाताच्या शिताने चिकटवला. खोका आजीने पहिल्याच संध्याकाळी उचलून नेला. तिला लवंगा ठेवायला नेमकी तेवढीच डबी हवी होती. दोन पावसाळ्यांत त्याचा लगदा झाला.

पुढे मोठेपणी कळलं की लंडनर ही संग्राहकांची आवडती बस. तिच्या अंगावर निरनिराळ्या कंपन्यांच्या, दुकानांच्या, समारंभांच्या लेबलांचे शेकड्यांनी प्रकार निघाले आणि काही लोक आयुष्यभर फक्त हीच बस जमवतात. माझी मी एका जाणकाराला दाखवली. त्याने ती दिव्याखाली फिरवली. चारही कोपऱ्यांवर रंग जाऊन धातू पांढरा दिसतोय, मागच्या खिडकीच्या कडेला दाताची खूण आहे, लेबलाखाली सुकलेलं शीत आहे. "वर्गवारी काय लावू?" तो म्हणाला. "भात?"

सहावी पायरी: पंथ निवडा

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स काढल्या. पहिल्या झटक्यात सोळा गाड्या. रंग कँडीसारखे चकाकणारे, आस तारेसारखे बारीक आणि चाकं अशी की नारिंगी पट्टीवरून सोडली की सुसाट. तोवर मॅचबॉक्सच्या गाड्या हाताने ढकलायच्या होत्या आणि ढकलल्या तेवढ्याच जायच्या, अगदी सरकारी फायलीसारख्या. अमेरिकेतली विक्री धाडकन खाली आली. ज्या वर्षी हे संकट आलं त्याच वर्षी लेस्ली स्मिथ आणि ओडेल यांना राणीकडून ओबीईचा किताब मिळाला, हे जाता जाता. लेस्नीने दुसऱ्याच वर्षी, १९६९ मध्ये, आपल्या गाड्यांना बारीक आस आणि हलकी चाकं लावून 'सुपरफास्ट' नाव दिलं. माझी लंडनर या घराण्यातली.

त्या दिवसापासून संग्राहकांत दोन पंथ पडले, आणि शैव-वैष्णवांमध्ये आता पूर्वीसारखं वैर उरलेलं नाही, पण यांच्यात आहे. जुन्या चाकांवाले म्हणतात, मॅचबॉक्स १९६९ मध्ये मेली. सुपरफास्टवाले म्हणतात, तुमच्या गाड्या पळत नाहीत. दोघांचंही खरं आहे, कारण दोघेही गाड्या पळवत नाहीत, कपाटात ठेवतात. नवशिक्याने सुरुवातीला कुठल्याही पंथाच्या माणसासमोर दुसऱ्याची गाडी खिशातून काढू नये.

पुढचं लवकर आटोपतो, कारण तो भाग दुःखाचा आहे. लंडनच्या हॅकनी भागात लाखोंनी गाड्या ओतणारी लेस्नी १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली. नाव आणि साचे युनिव्हर्सल कंपनीने घेतले, कारखाना पूर्वेकडे हलला आणि तळपट्टीवर इंग्लंडच्या जागी 'मकाऊ' आलं. ओडेल म्हातारपणी स्वस्थ बसला नाही. त्याने नवी कंपनी काढली आणि आपल्या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटी करून तिचं नाव ठेवलं 'लेडो'. जुन्या मॅचबॉक्सचं घराणं १९९२ मध्ये टायको कंपनीकडे गेलं आणि १९९७ मध्ये थेट मॅटेलकडे. ज्या सासूने छळलं तिच्याच घरात नांदायला जावं, तशातली गत. आज दोन्ही नावं एकाच घरातून निघतात. पंथांचं भांडण मात्र चालू आहे.

सातवी पायरी: स्वदेशीचा विचार

हा भाग परदेशी मार्गदर्शकांत नसतो, म्हणून काळजीपूर्वक वाचा. आपल्याकडे आयात बंद होती तेव्हा साचे इकडे आले. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला पोहोचले आणि तिथे 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघू लागल्या. तळपट्टीवरचं 'डिंकी' खरवडून 'निकी' केलेलं. काम इतकं उघड की खरवडल्याची खूणच आज खरेपणाची खूण मानतात. कलकत्त्यातूनच मॅक्सवेल नावाच्या छोट्या गाड्याही आल्या. त्यांचा रंग जाड, चाकं तिरकी आणि दिमाख अस्सल. पुढे ऐंशीच्या दशकात हॉट व्हील्ससुद्धा लिओ या नावाने भारतात बनल्या.

आपल्या शाळेच्या दप्तरात त्या घासल्या गेल्या, मातीत पुरल्या गेल्या, भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने गेल्या. आता इंग्लंड-अमेरिकेतले संग्राहक त्यांच्या मागे लागले आहेत, कारण साचा ओळखीचा आणि रंग अनोळखी. म्हणून तुमच्या घरी माळ्यावर जुनी पत्र्याची ट्रंक असेल तर (ही ट्रंक पत्र्याचीच, तिला खुशाल पत्र्याची म्हणा) ती कुणाला देण्याआधी उपडी करा. बोहारणीला तर आधी अजिबात बोलावू नका. एका स्नेह्यांच्या घरी एका स्टीलच्या डब्यावर तेरा निकी गाड्या गेल्या. डबा अजून आहे. त्याचं झाकण लागत नाही.

आठवी पायरी लिहिली होती, कपाट कसं असावं यावर: काच कशी, दिवा कुठे, पावसाळ्यात ओल येऊ नये म्हणून सिलिकाच्या पुड्या किती, उन्हामुळे लाल रंग कसा उडतो. ती काढून टाकली. ज्या घरात मे महिन्यात भाचरं येतात त्या घरात कपाटाचा विषय निघतो तो फक्त किल्लीपुरता. माझी किल्ली गेल्या वर्षी हरवली. बहिणीचा सहा वर्षांचा नातू दुपारभर कुठे दिसेना म्हणून पाहायला गेलो, तर तो फरशीवर पालथा पडलेला, एक डोळा मिटून, गाल जमिनीला टेकवून. समोर चाळीस-पन्नास गाड्यांची रांग. रांगेच्या टोकाला माझी कचरागाडी आणि तोंडाने घर्र घर्र. मला बघून म्हणाला, "आजोबा, टोलनाका आहे. थांबायचं."

मी थांबलो. नुकसानीचा अंदाज संध्याकाळी घेतला. पाच गाड्यांच्या कडा उडाल्या, एका रोलरचं चाक निसटलं ते कोचाखाली मिळालं, आणि एका खोक्याचं झाकण नव्हतं, ते त्याने पुढे टोलची पावती म्हणून मला आणून दिलं. लंडनरला काही झालं नाही. तिला व्हायचं बाकी काही नाही.

आता कामाचं. माझ्याकडे ७ नंबरच्या कचरागाड्या दोन झाल्या आहेत, त्यांतली एक खोक्यासकट. दूधगाडीही आहे, घोड्याचा एक कान नाही. मधली निळी अँग्लिया मिळत नाही. कुणाकडे जास्तीची असेल तर अदलाबदलीला तयार आहे. चाकं करडी असली तरी चालेल, रुपेरी असली तर गाडीभाडं माझं. दाताच्या खुणा असल्यास आधी कळवावं; त्याबद्दल जास्त काही म्हणणार नाही.